लाल ताऱ्याची आणेवारी

औरंगाबादेत गुलमंडीला शफी रंगाऱ्याच्या नजरेचा एकेकाळी दरारा होता. दरारा फौजदाराचा असतो, रंगाऱ्याच्या नजरेचा कसला, असं कुणी म्हणेल, म्हणो बापडा. ज्यांनी त्याला हौदाच्या काठावर ओलं कापड हातात घेऊन उभं राहिलेलं पाहिलं, ते असं म्हणायचे नाहीत. दोन लाल कापडं त्याच्यापुढं धरा. तुम्हाआम्हाला जुळी वाटतील, आणि हा म्हणणार, "ही सख्खी नायत, चुलत हायत." चौकशी केली की कळायचं, एक नहरीच्या पाण्यात धुतलेलं आहे आणि दुसरं फुलंब्रीकडच्या कुठल्या विहिरीच्या. हिमरू विणणारे कारागीर रेशमाची लडी त्याला दाखवल्याशिवाय मागावर चढवत नसत.

ही नजर त्याला बापाकडून मिळाली, पण फुकट नाही मिळाली. सातव्या वर्षी बापानं त्याला हौदाशी उभं केलं आणि घराण्याची रीत शिकवली. पिवळा, निळा, हिरवा हे रंग लगेच तोंड दाखवतात. लाल मात्र लाजरा. त्याच्याकडं बघायचं ते सात श्वास. सातवा श्वास सुटेपर्यंत पापणी हलवायची नाही, मगच तो काय आहे ते खरं बोलतो. पापणी हलली की पाठीत धपाटा. असे धपाटे खाऊन शफी तयार झाला आणि पुढं चाळीस वर्षं त्यानं ही रीत पाळली. नमाज एखाद वेळी चुकली असेल, सात श्वास कधी चुकले नाहीत.

मग जर्मन पुड्या आल्या. पुडी पाण्यात टाका, कापड बुडवा, काढा, वाळवा. दर खेपेला तोच रंग. आलीच्या, मजिठीच्या लाल मुळ्या कुटा, तुरटी लावा, आठ आठ दिवस उकळा, हे कोण करतंय? शफीचा हौद कोरडा पडला. गुलमंडीतले कापडवाले बद्रीनाथशेठ भला माणूस. ते म्हणाले, "शफीभाई, दुकानात येऊन बसा. काठाला पदर जुळवून द्या गिऱ्हाइकाला." वर्षभर बरं चाललं. पुढं मुंबईच्या कंपनीकडून रंगांच्या चिंध्या चिकटवलेली एक जाडजूड वही आली, प्रत्येक चिंधीखाली नंबर. गिऱ्हाईक वही उलटायचं, नंबरावर बोट ठेवायचं, शेठ तसलं कापड काढून द्यायचे. शफीला कुणी दुकानातून उठवलं नाही. पण विचारलंही नाही काही. तीन वर्षं त्या माणसाला 'पाणी आहे का हो प्यायला' याच्यापलीकडं एक प्रश्न कुणी केला नाही. उपाशी राहणं सोसतं, पण आपल्याला येतंय ते कुणाला नको असणं सोसत नाही. शफी आतून वाळत चालला होता.

असा तो एके दिवशी गादीच्या कोपऱ्यात बसला असताना आप्पासाहेब मास्तर दुकानात शिरले. हे सरकारी शाळेत हिशेब शिकवायचे, राहायला औरंगपुऱ्यात. अंगानं काटकुळे, डोक्यात सदा आकडे. बायकोनं लाल लुगडं आणायला सांगितलं होतं. मास्तरांनी ढिगातून एक ओढलं आणि म्हणाले, "हे द्या बांधून."

शफीला राहवलं नाही. "मास्तरसाब, लाल पायजे म्हणलात ना?"

"मग? हे काय आहे?"

"शेवाळी हाय हो हे! घेऊन जा अन् मार खावा."

दुकान खदखदून हसलं. मास्तरही हसले, पण ओशाळे. जाता जाता त्यांनी शफीला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "शफीभाई, मला जन्मापासून लाल अन् हिरवा वेगळा दिसत नाही. शाळेत कुणाला माहीत नाही. तुम्हाला किती प्रकारचे लाल ओळखता येतात?"

"मोजले नाय कधी. पन्नासेक असतील."

मास्तर त्याच्याकडं असे बघत राहिले की जणू दुष्काळात पाण्यानं भरलेली विहीर सापडली.

गोष्ट अशी होती. छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली दुर्बीण विकून गेला होता, ती मास्तरांनी घेतली होती. काही तारे असे असतात की त्यांचा उजेड कमीजास्त होत राहतो. मास्तर घराच्या मातीच्या धाब्यावर दुर्बीण लावून अशा ताऱ्यांचा उजेड मोजायचे आणि हैदराबादच्या वेधशाळेला कळवायचे. पगार नाही, पावती नाही, नुसतं वेड. आता वेधशाळेकडून नकाशा आला होता. हंस नावाच्या तारकापुंजात एक नवा तारा सापडला होता, लालभडक, आणि त्याचा उजेड बदलत होता. किती दिवसांत वाढतो, किती दिवसांत उतरतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. छायाचित्राच्या काचेवर लाल उजेड नीट उमटत नाही, म्हणून माणसाच्या डोळ्यांनी मोजून कळवा, असं त्यांचं म्हणणं.

"म्हंजे काच बी तुमच्यासारखीच की मास्तर!" शफी म्हणाला.

"अगदी माझ्यासारखीच. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. याल का?"

निजामाच्या राज्यातलं फसली सन तेराशे चव्वेचाळीस नुकतं लागलं होतं, पावसाळा सरून आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाली की शफी गुलमंडीतून औरंगपुऱ्याला जायचा. मास्तरांनी पहिल्या संध्याकाळी दुर्बिणीत तारा धरून दिला. शफीनं डोळा लावला आणि म्हणाला, "या अल्ला!" बाकीचे सगळे पांढरे कण, आणि त्यांच्यात हा एक, विझत्या चुलीतल्या निखाऱ्याएवढा. मास्तरांनी समजावलं. लाल ताऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन तारे आहेत, त्यांचा उजेड कधी बदलत नाही. एक जास्त तेजाळ, एक मंद. आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठं बसतो, एवढंच सांगायचं.

"एवढंच? अहो हे तर आणेवारीचं काम झालं!"

पटवारी पिकाची आणेवारी काढतो, रंगारी रंगाची काढतो. सोळा आणे रंग म्हणजे पुरता चढलेला. शफीनं ठरवलं, मंद तारा शून्य, तेजाळ तारा सोळा आणे. त्यानं लाल ताऱ्यावर नजर रोवली, मग दोन्ही पांढऱ्यांवरून एकदा फिरवली आणि बोलला, "आठ आणे." मास्तरांनी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. चौथ्या दिवशी नऊ. आठवड्यानं दहा. तारा चढत होता!

त्या दिवसांत शफी कसा होता म्हणून सांगू? दुकानात बसल्या बसल्या गुणगुणायचा. बद्रीनाथशेठना सांगायचा, "आज बारा आणे व्हईल बघा." शेठना वाटायचं, कापसाचा भाव सांगतोय. बायकोला, शमशादबीला तर त्यानं भंडावून सोडलं. तिनं तीस वर्षं त्याच्या बरोबरीनं हौदात हात लाल करून घेतले होते, त्यामुळं ती त्याला भिऊन नसायचीच. "अजी, ताऱ्याला रंगवायला घेतलंय काय? मजुरी कोण देणार, चांद?" असं म्हणायची. पण तो जेवायला लागला होता पोटभर, हे तिनं बघितलं होतं, आणि ताटात एक भाकरी जास्तीची पडायला लागली होती.

चौतीस संध्याकाळी झाल्या. एकही चुकली नाही. त्या साली इकडं आभाळ निरभ्र राहिलं, हे एक नशीबच. तारा पंधरा आण्यांपर्यंत चढला, चारपाच दिवस तिथं थांबला आणि उतरायला लागला. मास्तर दर आठवड्याला आकडे हैदराबादला धाडत होते.

आणि मग उत्तर आलं.

शफी धाब्यावर आला तेव्हा मास्तर दुर्बीण न लावताच बसले होते. "काही नाही, कागद आलाय. म्हणतात, काम चांगलं आहे, पण आता थोडे दिवस थांबा."

शफीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ज्याला लालातले पन्नास लाल कळतात, त्याला माणसाच्या तोंडावरचा रंग कळणार नाही? "आणा इकडं तो कागद."

कागद उर्दूत होता आणि शफीला मदरशातलं वाचन येत होतं. कंदिलाशी धरून त्यानं तो अक्षर अक्षर लावून वाचला. अदबीनं लिहिलेलं होतं सगळं. या मुदतीत हैदराबादेत ढगांमुळं चारच संध्याकाळी ताऱ्याचा वेध घेता आला. त्या चारही वेळी औरंगाबादचे आकडे आमच्यापेक्षा फार चढे निघाले. नवे निरीक्षक साहेब मेहनती दिसतात, परंतु त्यांची नजर या कामास योग्य नसावी. सबब त्यांचे आकडे विचारात घेता येणार नाहीत.

शफीनं कागदाची घडी नीट घातली, मास्तरांच्या हातात दिली आणि धाब्यावरून खाली उतरला. मास्तरांनी दोन हाका मारल्या, पण तो वळला नाही.

'त्यांची नजर योग्य नसावी.' दुसरं काहीही म्हणाले असते तर चाललं असतं हो. म्हातारा म्हणा, अडाणी म्हणा. पण चाळीस वर्षांच्या धंद्यात त्या माणसाची कमाई म्हणून एकच चीज होती, आणि तिच्यावरच कुणीतरी दूर हैदराबादेत बसून काट मारली होती. आठ दिवस तो औरंगपुऱ्याकडं फिरकला नाही. दुकानात बद्रीनाथशेठ प्रेमानं म्हणाले, "जाऊ द्या शफीभाई, वय झालं की डोळ्यांचं व्हायचंच असं." ते मायेनं बोलले, पण तेच जास्त लागलं. त्या दिवशी तो घरी आला तो डोळ्यांवर पालथा हात ठेवून पडून राहिला.

नवव्या दिवशी मात्र त्याला राग आला. बरं झालं आला. रडण्यापेक्षा राग बरा, त्यानं माणूस उठून तरी बसतो. शफी उठला. रॉकेलचा रिकामा डबा घेतला, खिळ्यानं त्याला शेजारी शेजारी दोन भोकं पाडली, एकावर लाल झिरझिरीत रेशमाची चिंधी चिकटवली, दुसऱ्यावर पांढऱ्या कागदाचे दोन तुकडे लावले आणि आत कंदील ठेवला. दिवेलागण झाल्यावर डबा अंगणाच्या पार त्या टोकाला, हौदाच्या भिंतीवर नेऊन ठेवला. झाले दोन तारे, एक लाल आणि एक पांढरा! इकडच्या टोकाला येऊन बसला आणि बघितलं. दोन्हींत लाल चढा होता. चांगला चार आणे चढा. शंकाच नाही.

"अगं ए! इकडं ये. बघ अन् सांग, दोन्हींत जास्त उजेड कुणाचा?"

शमशादबी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं मान वळवली, दारातून बघितलं आणि पुन्हा तव्याकडं वळली. "पांढऱ्याचा."

"नीट बघ!"

"बघितलं की. पांढऱ्याचा, नाहीतर दोन्ही सारखे म्हणा. भाकरी करपायलीय माझी."

"आंधळी झालीस काय? लाल चढाय, लाल!"

आता शमशादबीचाही पारा चढला. पीठ माखलेल्या हातांनी ती बाहेर आली. डब्याकडं एकदा बघितलं. नवऱ्याकडं एकदा बघितलं. तो पापणी न हलवता, छाती भरून श्वास घेत, डब्याकडं टक लावून बसला होता. हौदाच्या काठावर उभा राहायचा तसाच.

"अजी," ती म्हणाली, "तुम्ही बघत बसलाव. मी नुसतं बघितलं. बघत बसल्यावर लाल फुगणारच की! चुलीत निखाऱ्याकडं टक लावून बघा, तो बी मोठा व्हतो. रंग ओळखायला हौ, बसा बघत. पण तुम्हाला रंग कुठं विचारलाय त्यांनी? उजेड विचारलाय ना?"

शफी डब्याकडं वळला. मग त्यानं डोळे मिटले, क्षणभर थांबला, उघडले, डब्याकडं एक कटाक्ष टाकला आणि लगेच मान फिरवली. दोन्ही सारखे! पुन्हा नजर रोवली. एक श्वास, दोन श्वास, तीन... लाल फुगायला लागला. सातव्या श्वासाला बरोबर चार आणे चढा. पुन्हा डोळे मिटून कटाक्ष टाकला. सारखे.

बापाची शिकवण, घराण्याची रीत, पाठीवरचे धपाटे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. लालाकडं सात श्वास बघायचं आणि पांढऱ्यांवरून नजर नुसती फिरवायची! लाल तारा त्याला रोज चढा दिसणारच होता. पांढऱ्या ताऱ्यांना त्यानं न्याय कधी दिलाच नव्हता.

"माझी चूक हाय," तो म्हणाला. "डोळ्याची नाय. रीतीची."

"मग खाऊन घ्या अन् जा मास्तराकडं. तोंड पाडून बसलाव आठ दिवस, घरात करमंना मला."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "शफीभाई, म्हणजे आपल्या चौतीसच्या चौतीस संध्याकाळी पाण्यात गेल्या."

"का जातील? चूक झाली, पण रोज तेवढीच झाली की."

"काय म्हणालात?"

"सात श्वास म्हंजे सातच, मास्तर. सहा नाय, आठ नाय. चाळीस वर्षांत कधी बदलले नाय ते. रोज चार आणे जास्ती दिसला असंल, तर रोज चारच आणे दिसला असणार."

हिशेबाचा मास्तर तो. ताडकन उभाच राहिला. चूक रोज वेगळी असती तर देवालाही सुधारता आली नसती. पण जी चूक रोज सारखी, ती वजा करता येते! ज्यांनी कसंही, कधी कमी कधी जास्त बघितलं असतं, त्यांचे आकडे खरंच पाण्यात गेले असते. शफीच्या बापानं एवढ्या धपाट्यांनी घोटवून घेतलेली ती रीत उजेडासाठी चुकीची होती, पण रोज नेमक्या त्याच मापानं चुकीची होती.

"पण हे डब्यावर झालं," मास्तर म्हणाले. "ताऱ्यावरही चारच आणे फरक पडतो, हे दाखवायला हवं."

दहा संध्याकाळी त्यांनी तेवढंच केलं. आधी कटाक्षानं बघायचं आणि आकडा सांगायचा, मग डोळे मिटून थांबायचं, मग सात श्वास बघून दुसरा आकडा सांगायचा. कटाक्ष टाकणं शफीला जड गेलं. नजर आपोआप रुतायची, शेतात बैल सवयीनं जुन्या तासात शिरतो तशी. तो स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि मास्तर "हं, सोडा नजर!" असं ओरडायचे. शेजारपाजारच्यांना वाटायचं, मास्तर कुणाला पतंग उडवायला शिकवतायत. दहा दिवसांत आठ वेळा फरक चार आण्यांचा निघाला, दोनदा साडेतीनचा.

मास्तर खूश झाले. "आता जुन्या आकड्यांतून चार आणे वजा करतो आणि स्वच्छ कागद धाडून देतो. वर लिहितो, नकलेत चूक झाली होती."

"नक्को!" शफी एवढ्या जोरात म्हणाला की मास्तर दचकले. "असं नाय करायचं, मास्तर. बिघडलेलं कापड परत रंगवून दिलं, तर गिऱ्हाइकाला सांगून द्यावं लागतं. नाय सांगितलं तर ती चोरी. जुने आकडे लिहा, नवे लिहा, अन् चूक कशी झाली ते बी लिहा. सात श्वासाचं लिहा. मी रंगारी हाय, ते बी लिहा."

"अहो, हसतील ते. एकदा नजर योग्य नाही म्हणून झालंय, आता कारणही आपणच पुरवायचं?"

"हसू द्या. पण माझे आकडे लपवून खरे झाले, तर ते माझे कसले?"

मास्तरांनी सगळं लिहिलं. पाच पानं झाली. टपालात टाकण्याआधी शफीनं पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचून घेतला, कारण यावेळी आकडे नाही जुळले तर दोष डोळ्यांना देता येणार नव्हता आणि रीतीलाही नाही. हा त्याचा शेवटचा शब्द होता.

महिना गेला, वर आठ दिवस गेले. उत्तर नाही. तारा मावळतीकडं झुकत चालला, दिवेलागणीनंतर तासभरच दिसायचा. शफी रोज येऊन कटाक्ष टाकायचा, आकडा सांगायचा, मास्तर लिहायचे. "कशाला लिहायचं आता?" असं दोघांच्याही मनात यायचं, तरी वहीत आकडा पडायचाच. तारा पाच आण्यांवरून चारावर आला, चारावरून दोनावर.

एका संध्याकाळी मास्तर स्वतःच धापा टाकत गुलमंडीत शफीच्या घरी आले. हातात लिफाफा होता, फोडलेला नव्हता. "तुमच्या नावचा आहे," ते म्हणाले. "माझ्या नावचा नाही. जनाब शफी साहेब, रंगारी, असं लिहिलंय बघा."

शमशादबीनं घोंगडी अंथरली, डोक्यावरचा पदर सावरला आणि कंदील मोठा केला. शफीनं लिफाफा फोडला आणि अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागला. आपला खुलासा मिळाला. चार आणे वजा केल्यावर आपले आकडे आमच्या चारही संध्याकाळींच्या आकड्यांशी अर्ध्या आण्याच्या आत जुळतात. मागील पत्रात आपल्या नजरेविषयी लिहिलेला मजकूर परत घेत आहोत. तारा पूर्ण तेजाला पोहोचून उतरू लागला, ते अकरा दिवस येथे आभाळ भरलेले होते. आमच्या माहितीप्रमाणे त्या अकरा दिवसांत या ताऱ्याकडे आपल्याशिवाय...

इथं तो वाचायचा थांबला. मास्तरांनी कागद घ्यायला हात पुढं केला, पण शफीनं तो दिला नाही. डोळे पुसले आणि पुढं वाचलं.

...आपल्याशिवाय कोणीही पाहत नव्हते. त्या दिवसांची नोंद आपल्या नावाने होईल.

"अल्ला," शमशादबी पुटपुटली आणि तिनं तोंडावर पदर धरला. भांडखोर बाई, पण रडली, आणि रडते म्हणून लाजलीही नाही.

"अजून आहे काहीतरी खाली," मास्तर म्हणाले.

खाली दोन ओळी होत्या. शफीनं त्या आधी मनात वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग हळू आवाजात बोलला, "यांनी मला इचारलंय."

"काय विचारलंय?"

"म्हणतात, आपण रंगारी आहात असे कळले, म्हणून विचारतो. मंद होताना ताऱ्याचा लाल बदलतो काय? बदलत असल्यास आता तो कोणता लाल आहे? आमच्याकडे सांगू शकेल असा कोणी नाही."

तीन वर्षं गुलमंडीच्या भर बाजारात ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याला हैदराबादहून कागद पाठवून विचारलं होतं, आणि विचारलं तेही लालाबद्दल! शफी उठला. टोपी घातली. चप्पल पायांत नीट शिरेना, तशीच ओढत निघाला. मास्तर मागून, आणि त्यांच्या मागून शमशादबी. चूल तशीच सोडून ती त्या दिवशी पहिल्यांदा औरंगपुऱ्यातल्या त्या धाब्यावर चढली.

तारा पार खाली आला होता. मास्तरांनी दुर्बीण लावून दिली. शफीनं डोळा लावला, आणि यावेळी नजर सोडा म्हणून कुणी ओरडलं नाही. तो बघत राहिला, हवा तेवढा वेळ. मग त्यानं शमशादबीला बोलावून बघायला लावलं.

"मजीठ," ती म्हणाली.

"हां, पण कुठली मजीठ? आश्विनात हा निखाऱ्यासारखा व्हता, पिवळी झाक व्हती थोडी. आता ती गेली. गडद झालाय."

"दुसऱ्या उकळीची. लोखंडाच्या कढईत उकळलेली, तांब्याच्या नाही."

"बराबर!" शफीनं मांडीवर थाप मारली. "लिहा मास्तर. उतरताना लाल बदलतो. आता हा मजिठीचा लाल हाय, लोखंडी कढईतला, दुसऱ्या उकळीचा."

मास्तरांनी सगळं उतरवून घेतलं. त्यातला कुठला लाल कसा दिसतो हे त्यांना जन्मात कळणार नव्हतं. लेखणी थांबवून त्यांनी शंका काढली, "शफीभाई, हैदराबादच्या साहेबाला हे उमजेल का?"

"नाय उमजलं तर तसं बी लिहून टाका," शफी म्हणाला. "म्हणावं, सवड काढून गुलमंडीला या. कढई चढवून दाखवतो."

मास्तरांनी तेही लिहिलं.